आपबीतीतलं ऐकण्यासारखं

मंडळी, बाल अत्याचारावर बोलायला गेलं की संयोजक हमखास म्हणतात, ‘एखादी खरी आपबीती सांगा, लोकांच्या काळजाला भिडेल.’ मागणी रास्त आहे. आकडे ऐकून माणूस हळहळतो आणि विसरतो. आपबीती त्याच्या मनात घर करते. पण तिचा कुठला भाग सांगायचा, यावर बरंच ठरतं.

संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करायला ऑस्ट्रेलियाने २०१३ मध्ये रॉयल कमिशन नेमलं. २०१७ पर्यंत सुमारे आठ हजार जण आयुक्तांशी खासगीत बोलले. उलटतपासणी नाही, घाई नाही. त्यांतल्या हजारो कहाण्या आयोगाने ओळख लपवून प्रसिद्ध केल्या. या माणसांना पहिल्यांदा कुणालातरी सांगायला सरासरी २४ वर्षं लागली होती. दहाव्या वर्षी झालेलं चौतिसाव्या वर्षी ओठांवर आलं म्हणा ना!

मला त्या मधल्या वर्षांत रस आहे. पुष्कळांनी लहानपणीच सांगून पाहिलेलं असतं, मुलांच्या पद्धतीने. समजा, एखादी बाई सांगते, ‘मी म्हटलं, मला सरांकडे शिकवणीला नाही जायचं. आई म्हणाली, नखरे पुरेत, फी भरून झालीय.’ एवढ्या दोन वाक्यांवर पालकसभेत तासभर बोलता येतं. त्या सरांनी आधी घरच्यांचा विश्वास कसा मिळवला, ‘हे आपलं गुपित हं’ कधी सुरू झालं, मुलीचं पोट दर मंगळवारीच का दुखायचं, हे सगळं त्यातूनच निघतं. अत्याचार करणारा बहुतेकदा ओळखीतलाच असतो.

आणि आपण काय दाखवतो? भिंतीवरची काळी सावली, कोपऱ्यात अंग चोरून बसलेली मुलगी. मुलगे तर चित्रातच नसतात. बंद खोलीतल्या प्रसंगाचं साग्रसंगीत वर्णन ऐकून लोक शहारतात, पण आपल्या घरातलं मूल काय सांगू पाहतंय ते त्यांना कळत नाही. उलट श्रोत्यांतल्या एखाद्याला वाटतं, माझ्या बाबतीत एवढं भयंकर नव्हतं, आणि तो पुन्हा गप्प बसतो.

आपबीती वापरायला त्या व्यक्तीची संमती घेतानाही असंच भान हवं. एकदा सही घेतली की विषय संपला, असं नसतं. मजकूर छापण्याआधी त्या व्यक्तीला वाचून दाखवा. ‘हे वाक्य नको’ म्हटलं की काढून टाका, कारण विचारू नका. व्हिडिओ एकदा लोकांच्या मोबाइलवर पोचला की परत घेता येत नाही, हेही आधीच सांगा. ज्याच्यावर अत्याचार झाला ते मूल अजून लहान असेल, तर त्याची कहाणी प्रचारासाठी मुळीच वापरू नका. चेहरा धूसर केला तरी ओळखीची माणसं आवाजावरून ओळखतात.

आपबीती वाचून झाली की बहुधा कुणीतरी मागे रेंगाळतं. त्या माणसासाठी समुपदेशक आणि निवांत खोली हवी. ती सोय नसेल, तर मी त्या दिवशी आपबीती वाचत नाही. कायद्यावर बोलतो, प्रश्नोत्तरं घेतो.