टीचभर दांडी : जीपच्या ऑइल पंपाची गोष्ट

आत्ता स्क्रीनवर जुन्या पेपरवर ठेवलेली जी काळपट दांडी दिसतीये ना, ती आमच्या आबांच्या जीपच्या ऑइल पंपाची, म्हंजे इंजिनभर ऑइल फिरवणाऱ्या पंपाची शाफ्ट. लांबीला टीचभर. एका टोकाला ऑइल ढकलणारा रोटर, दुसऱ्या टोकाला गिअर, आणि गिअरमधून आरपार गेलेली एक बारीक पिन, बस एवढंच. इंजिन पहिल्यांदा उतरवलं तेव्हा पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह सगळ्यावर आम्ही महिनाभर बोलत होतो, पैसे जमवत होतो, पण या दांडीकडे कुणी ढुंकून बघितलं नाही.

गाडी महिंद्राची सीजे-3बी, इंजिन हरिकेन, 4 सिलिंडर, 134 घन इंच म्हंजे जवळपास 2.2 लिटर. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळं इंजिन उंच झालं आणि या जीपचं बॉनेटही उंच झालं. ऑइल पंप ब्लॉकच्या बाहेरून एका बाजूला बोल्टनं बसतो, आतला कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) त्याचा गिअर फिरवतो, आणि त्याच शाफ्टच्या टोकाला एक खाच असते, तिच्यात पलीकडच्या बाजूनं डिस्ट्रिब्युटरची, म्हंजे प्लगांना करंट वाटून देणाऱ्या भागाची जीभ येऊन बसते. म्हंजे ऑइल आणि करंट, दोन्ही या एकाच दांडीच्या जिवावर. खाच बरोबर मधोमध नसते, जराशी एका अंगाला असते, म्हणजे डिस्ट्रिब्युटर उलटा बसायची सोयच नाही. ज्यानं हे डिझाइन केलं त्याला मनापासून नमस्कार.

आम्ही त्यावेळी दुकानातून तयार पंप आणला. नवा, चकचकीत, डबीत पॅक, ना मोजला ना उघडला. 20 दिवस गाडी छान चालली आणि मग तुळजापूरच्या घाटात ओढच धरेना, सायलेन्सरमधून फटाफट आवाज. टायमिंग, म्हंजे स्पार्क पडायची वेळ, सकाळी लावावं तर संध्याकाळी परत मागं आलेलं. पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, कार्ब्युरेटर दोनदा धुतला. शेवटी पंप काढला तर गिअर दांडीवर हातानं डुलत होता, पिनचं भोक गोल राहिलंच नव्हतं, लांबट झालेलं. अजून थोडे दिवस गेले असते तर पिन तुटून इंजिन भर घाटात बंद पडलं असतं, कारण पिन गेली की ऑइल पण गेलं आणि करंट पण गेला.

तिथून आम्ही गेलो अक्कलकोट रोड एमआयडीसीत, एका लेथवाल्या अण्णांकडे. सोलापुरात यंत्रमागाचे पार्ट करणारे हात आहेत म्हणून आपल्यासारख्यांच्या जुन्या गाड्या जिवंत आहेत, हे मी अगदी खरं सांगतोय. अण्णांनी आधी जुनी ओरिजिनल शाफ्ट मागितली. आम्ही ती भंगारच्या डब्यात टाकलेली. त्यांनी ती रॉकेलमध्ये धुतली, काचेवर ठेवली, मागनं ट्यूबलाइट लावली आणि बोटानं हळू फिरवली. खालून उजेडाची रेघ दिसते का बघायचं, दिसली तर दांडी वाकडी. रेघ दिसली नाही. मग मायक्रोमीटर, जिथं दांडी पंपाच्या बॉडीत फिरते तिथं आणि जिथं काहीच घासत नाही तिथं. अंगठ्याचं नख फिरवलं तर कुठं पायरी लागत नव्हती. म्हणाले, "बाळा, ही 50 वर्षं फिरली तरी चांगली हाय की, बदलायला कुणी सांगितलं तुला?"

नव्या दांडीवर त्यांनी कानस मारली. कानस लोण्यात सुरी जावी तशी लागली, म्हंजे नुसतं साधं माइल्ड स्टील, हार्डनिंगचा, म्हंजे तापवून कडक केल्याचा पत्ताच नाही. जुनीवर तीच कानस सरकून गेली.

तर शाफ्ट घेताना काय बघायचं? पिन भोकात हातोडीच्या हलक्या ठोक्यानं जायला पाहिजे, बोटानं सरकत जात असेल तर ती शाफ्ट परत करा, कितीही स्वस्त असू दे. खाचेत डिस्ट्रिब्युटरची जीभ घालून हलवून बघा, तिथं ढिलाई असेल तर तीच ढिलाई स्पार्कमध्ये येणार. गिअरचे दात सुरीसारखे धारदार झाले असतील तर गिअर बदला, पण मग कॅमवरचे दात पण बघा, झिजलेल्या दातावर नवा गिअर बसवला की तोही लवकर खाल्ला जातो. नवीन बनवून घ्यायची असेल तर ईएन19 नाहीतर ईएन24 या मजबूत अलॉय स्टीलमधून लेथवर टर्न करून हार्डनिंग-टेंपरिंग (कडक करून मग थोडी नरमाई आणणं) करून घ्या. नुसती कडक नको, काचेसारखी कडक दांडी पिनच्या भोकापासून तडकते. शंका असेल तर डाय पेनेट्रंट मारून घ्या, लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर, तडा असेल तर लाल केसासारखी रेघ आपोआप वर येते.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 ला जातो, ऑइल पातळ होतं, आयडलला प्रेशरचा काटा खाली बसतो, आणि आपण काय करतो, रिलीफ व्हॉल्व्हच्या (जास्तीचं प्रेशर सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) स्प्रिंगखाली वॉशर टाकतो, वर अजून जाड ऑइल ओततो. काटा वर येतो, आपण खूश. पण प्रेशर वाढलं की पंप फिरवायला जोर जास्त लागतो, आणि तो सगळा जोर त्या पिनवर आणि गिअरच्या दातांवर येतो. प्रेशर कमी असण्याचं खरं कारण बहुतेक वेळा मेन किंवा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये असतं. आमच्या गाडीत पण वॉशर सापडला, कुणीतरी आधीच टाकलेला.

अमेरिकन व्ही-8 वाल्यांना हे दुखणं चांगलं माहीत आहे. फोर्डच्या 302 इंजिनमध्ये डिस्ट्रिब्युटरखालून पंपापर्यंत 1/4 इंचाची षटकोनी सळई जाते, मोठा पंप लावला की ती पिळवटते, म्हणून ते लोक क्रोम-मॉली या जास्त मजबूत स्टीलची घालतात. त्यांची एक सोय आहे, डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलनं पंप फिरवता येतो, स्टार्ट करायच्या आधीच सगळीकडं ऑइल पोचतं. आपल्या जीपमध्ये पंपाचा गिअर थेट कॅमला लागलेला, तिथं ड्रिल चालत नाही. म्हणून पंपानं लगेच ऑइल ओढावं यासाठी अण्णांनी पंपात व्हॅसलिन भरायला लावलं, चारी प्लग काढले आणि स्टार्टर मारायला सांगितलं, थांबून थांबून, बॅटरीला दम देत.

पंपात जुनीच दांडी, फक्त पिन नवी, भोक रीमर मारून साफ केलेलं, आणि वॉशर काढून टाकलेला. पाचव्या-सहाव्या वेळेला काटा हलला. मग प्लग लावले. 500 किलोमीटरनंतर ऑइल काढलं, चुंबक फिरवलं, बारीक काळा गाळ सोडून काही लागलं नाही. टायमिंग बघायची लाइट मारली, खूण जिथं सोडली होती तिथंच.