बांधावरचं ढेकूळ

(दृश्य : ओट्यावर पाण्याच्या दोन बरण्या, तोंडावर जाळी)

ही दोन्ही ढेकळं कोल्हापूर जिल्ह्यातल्या एकाच उसाच्या रानातली. डावीकडचं बांधावरच्या करंजाखालचं. उजवीकडचं तिथून दहा पावलांवरचं, जिथं दरसाल रोटाव्हेटर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं माती भुसभुशीत करणारं फिरत्या पात्यांचं अवजार, फिरतो. दोन्ही सावलीत वाळवली आहेत. आता सोडू पाण्यात.

(निवेदन थांबेल. फक्त बुडबुड्यांचा आवाज.)

उजवीकडचं पार विरघळलं. आणि गंमत म्हणजे हे रान सेंद्रिय आहे! युरियाचं पोतं इथं कित्येक वर्षांत उतरलेलं नाही. शेणखत, जीवामृत (शेण-गोमूत्र-गूळ आंबवून केलेलं द्रव खत), सगळं वेळच्या वेळी.

(दृश्य : रोटाव्हेटरची पाती, जवळून)

मातीचे कण एकत्र धरतात ते बुरशीचे तंतू, मुळं आणि जिवाणूंचा चिकट स्राव. पातं फिरलं की तंतू तुटतात, ढेकळाच्या पोटात दडलेला सेंद्रिय पदार्थ उघडा पडतो. हवा मिळाली की जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि त्यातला बराचसा कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. एका हेक्टरातल्या वरच्या १५ सेंटीमीटर मातीचं वजन साधारण २० लाख किलो भरतं. त्यात सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा, तर २ टन कर्ब नुसता घालून भागत नाही, तो टिकावा लागतो. खताच्या ट्रॉल्या सगळे मोजतात, मशागतीच्या पाळ्या कोण मोजतं?

(दृश्य : खोडव्याच्या, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाच्या, सरीत पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, उचलणारा हात)

या तुकड्यात शेतकरी अण्णांनी पाचट पेटवलं नाही, रानही नांगरलं नाही. खालच्या थरात हे पांढरे धागे बघा. ही बुरशी. पाचटात नत्राच्या मानाने कर्ब फार, म्हणून कुजवणारे जीव सुरुवातीला मातीतलंच नत्र ओढतात आणि ऊस पिवळा दिसतो. शेजारी हसतात ते तेव्हाच. पहिल्या खोडव्याला उसाचं उत्पादन थोडं घटलं, हेही अण्णा लपवत नाहीत.

(दृश्य : ओंजळभर माती नाकाशी)

पहिल्या पावसाचा असतो तोच हा वास. मातीतले ॲक्टिनोमायसिट्स नावाचे जिवाणू तो तयार करतात.

(दृश्य : संध्याकाळ, पुन्हा बरण्या)

आवराआवर करताना अण्णांनी डावीकडचं ढेकूळ अख्खंच बाहेर काढलं आणि परत करंजाच्या बुडाशी नेऊन ठेवलं.