रेस वर-खाली होतेय? लगेच गव्हर्नर खोलू नका

जरा आवाज ऐका. रेस वर जाते, खाली येते, परत वर जाते, आणि हाताच्या एक्सलेटरला कोणी हात पण लावलेला नाहीये. याला हंटिंग म्हणतात. जुन्या ट्रॅक्टरला हे सुरू झालं की बरेच जण आधी गव्हर्नरची स्प्रिंग ताणून बघतात नाहीतर थेट डिझेल पंपाचं सील तोडतात, आणि मग जे साधं काम होतं ते मोठं होऊन बसतं.

आधी गव्हर्नर करतो काय ते बघू. आत शाफ्टवर दोन-चार वजनं फिरतात. इंजिन जोरात पळालं की ती बाहेर फाकतात आणि इंधन कमी करतात, लोड येऊन इंजिन दबलं की ती आत येतात आणि स्प्रिंग इंधन वाढवते. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला जो गव्हर्नर लावला त्याचं तत्त्व हेच होतं. पेट्रोल-रॉकेलच्या ट्रॅक्टरमध्ये इथून एक रॉड कार्बोरेटरच्या बटरफ्लायला, म्हणजे आतला रस्ता उघडणाऱ्या-झाकणाऱ्या चकतीला जातो, डिझेलमध्ये हे काम पंपाच्या आतच होतं.

आता गंमत अशी आहे की वजनं आणि स्प्रिंग सहसा लवकर बिघडत नाहीत, बिघडतं ते मधलं लिंकेज, म्हणजे रॉड आणि पिनांची जोडणी. हा रॉड बघा, इंजिन बंद ठेवून दोन बोटांत धरून मागेपुढे हलवला तर टोकाची पिन टकटक वाजते, भोक झिजून लांबट झालंय. म्हणजे गव्हर्नरने हुकूम दिला तरी बटरफ्लायपर्यंत तो उशिरा पोचतो, तोवर रेस पुढे निघून गेलेली असते, मग तो उलटा ओढतो, आणि हेच चालू राहतं. जाम लिंकेजनेही नेमकं असंच होतं. रॉड एका बाजूने सोडवा, बटरफ्लायचा शाफ्ट बोटाने फिरवा, कुठेही न अडकता अगदी हलका फिरला पाहिजे. अडकला तर साफ करा, पिन-बुश झिजले असतील तर नवीन टाका, तार गुंडाळून भागवू नका.

लिंकेज ठीक असेल तर पेट्रोलवाल्याला चोक अगदी थोडा ओढून बघा. रेस स्थिर झाली तर मिक्स्चर पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय, जेट साफ करा, गव्हर्नरचा काही दोष नाही. डिझेलवाल्याने आधी फिल्टर बघायचा आणि एअर काढायची, कारण लाईनमध्ये हवा धरली तरी रेस अशीच नाचते. काही जुन्या रोटरी पंपात गव्हर्नरच्या आत एक लवचिक रिंग असते, ती वयाने तुटते आणि तिचे काळे तुकडे रिटर्न लाईनमध्ये अडकतात. तिथे काळा चुरा दिसला तर मात्र पंप खोलावाच लागतो, आणि ते काम पंपवाल्याकडेच द्या. व्हॅक्यूमवर चालणारा गव्हर्नर असेल तर डायफ्राम आणि त्याची नळी तपासा, ती फाटली की पंप पूर्ण डिझेल सोडतो आणि इंजिन सुसाट पळतं.

रॉड परत लावताना इंजिन बंद, हाताचा एक्सलेटर पूर्ण, आणि बटरफ्लाय पूर्ण उघडी आहे ना ते डोळ्यांनी बघा. नसेल तर रॉडची लांबी तिथेच जुळवा.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट प्लीज मनावर घ्या. पीटीओला (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टला) काही जोडलेलं नको, एक माणूस स्टॉपच्या दांड्यापाशी उभा, आणि डिझेल असेल तर हवेचं तोंड बंद करायला सपाट फळी तयार ठेवा, हात लावायचा नाही. इंजिन पळत सुटलं तर विचार करायला वेळ मिळत नाही.

बिनलोडची रेस रेटेड आरपीएमपेक्षा (पूर्ण लोडसाठी कंपनीने ठरवलेल्या रेसपेक्षा) थोडी जास्त असते, ती तशीच असायला हवी, उगाच कमी करत बसू नका. मॅन्युअलमधला आकडा टॅकोमीटरने जुळवा आणि मग अवजार जोडून लोड द्या. एकदा दबून लगेच सावरलं आणि तिथेच टिकून राहिलं, तर काम झालं.