आडनावात डोंगर, आडनावात झरा

स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर, पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला बास्क लोकांचा मुलूख आहे. इथल्या शेतावरच्या घराला ‘बासेर्री’ म्हणतात. घर जिथं उभं, त्या जागेवरून त्याला नाव पडायचं. आणि घरावरून माणसांना. म्हणून बास्क आडनाव उलगडायचं तर आधी जमीन बघावी लागते.

सुरुवात शेवटाकडून करा. ‘आगा’ आणि ‘एता’ हे प्रत्यय जागा दाखवतात. ‘आर्री’ म्हणजे दगड, आर्रियागा म्हणजे दगडांची जागा. ‘मेंदी’ म्हणजे डोंगर, त्यावरून मेंदिएता.

आता क्रम. विशेषण नामाच्या मागून येतं: मेंदी आणि ‘साबाल’, म्हणजे रुंद, मिळून मेंदिसाबाल, रुंद डोंगर. मराठी माणूस इथं हमखास अडखळतो. दोन नामं जोडली की मात्र क्रम आपल्यासारखाच. ‘आरान’ दरी, ‘बुरू’ डोकं. आरानबुरू, दरीचा माथा. ‘आरित्स’ म्हणजे ओक. आरिस्मेंदी, ओकांचा डोंगर.

जोडताना शब्द झिजतात आणि घोटाळा तिथंच होतो. ‘इतुर्री’ म्हणजे झरा. इतुर्बे या आडनावात त्याचं नुसतं ‘इतुर’ उरतं. अर्थ, झऱ्याखालची जागा. उरिबे ऐकून ‘उर’ म्हणजे पाणी आठवतं, पण मूळ शब्द ‘उरी’, म्हणजे गाव. उरिबे म्हणजे खालचं गाव. ‘आर्ते’चे तर दोन अर्थ आहेत: ‘मधे’ आणि सदाहरित ओक. नुसत्या शब्दावरून निकाल लागत नाही. जुन्या नोंदी आणि ती जागा, दोन्ही पाहावं लागतं.

परक्या कानांनीही भर घातली. पिरेनीजमधल्या एका दरीला स्पॅनिशमध्ये ‘व्हाये दे आरान’ म्हणतात: दरीची दरी!

बिस्काया प्रांतात बोलिबार नावाचं छोटं गाव आहे. ‘बोलू’ म्हणजे गिरणी, ‘इबार’ म्हणजे नदीचं खोरं. दक्षिण अमेरिकेतल्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते सिमोन बोलिव्हार यांचं घराणं मूळचं इथलं. त्यांच्यावरून 1825 मध्ये बोलिव्हिया देशाला नाव मिळालं. म्हणजे अख्ख्या देशाच्या नावात एका ओढ्याकाठची गिरणी आहे.

आणि ‘एचे बेर्री’, म्हणजे नवं घर. यातला सुरुवातीचा ‘ए’ गळाला, उच्चार बदलत गेले आणि नावारा प्रांतातल्या एका गावाचं नाव झालं शाबिएर. तिथल्या गढीत 1506 मध्ये जन्मलेल्या फ्रान्सिस झेवियर यांचं शव आज जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बॅसिलिकात आहे.