येते म्हणाले होते

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्याकडे निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात. गेल्या डिसेंबरात मेळघाटातल्या एका सहा वर्षांच्या मुलीला मी सवयीने ‘येते हं’ म्हटलं, आणि तिने ते खरं धरलं.

आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ नगरहून तिथे आठ दिवसांच्या सेवेला गेला होता. परतवाड्याहून घाट चढायचा, सेमाडोह, हरिसाल मागे टाकायचं आणि धारणीच्या अलीकडे आतल्या रस्त्याला लागायचं. सकाळी आमचे डॉक्टर मुलांची वजनं घेत, दंडाचा घेर मोजत. नोंदवही माझ्याकडे होती. ही पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन रांगेत उभी होती. काट्याच्या झोळीत बसवल्यावर भाऊ रडायला लागला, तशी तिने त्याचा पाय धरून ठेवला. वजन झालं तरी ती माझ्याजवळून हलली नाही.

ती कोरकू आदिवासी घरातली. कोरकू भाषा मराठीच्या कुळातली नाही. तिचं नातं झारखंडकडच्या मुंडारी-संथाळी भाषांशी. पोरीला अंगणवाडीतले चार मराठी शब्द येत होते, मला कोरकूतला एकही नाही. तिने माठाकडे बोट दाखवलं. ‘डा.’ पाणी. दुसऱ्या दिवशी मी ‘डा’ म्हटलं, तर पळत जाऊन पेला भरून आणला. मग रोज एकेक वस्तू दाखवायची, नाव सांगायची, माझा उच्चार चुकला की पुन्हा म्हणायला लावायची. नाताळची गाणी शिकवायला गेलेली मी, आठ दिवस तिचीच विद्यार्थिनी होते.

फेब्रुवारीत औषधांसंबंधी अंगणवाडीताईंचा फोन आला. बोलता बोलता म्हणाल्या, ‘गाडीचा आवाज आला की ती अजून भावाला घेऊन रस्त्यावर जाते, बाई.’ त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

१८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना दौंडजवळच्या केडगावला घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडीलही दुष्काळातच गेले होते. रविवारच्या शाळेत ही गोष्ट ऐकताना मला तो प्रवास मोठा वाटायचा. आता वाटतं, मोठं ते त्यानंतरचं: १९२२ साली देह ठेवेपर्यंत त्या आपल्या मुलींमध्येच राहिल्या. या पोरीला मात्र आई आहे, बाप आहे, घर आहे. तिला कुठे न्यायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न माझ्या शब्दाचा होता. आणि सेवेला जाणाऱ्या तरुणांना कळकळीने सांगते, मुलांना कडेवर घेऊन फोटो काढण्याआधी आपण पुन्हा येणार आहोत का, हे ठरवा.

होळीला मी एकटीच एसटीने गेले. कोरकूंचा हा सगळ्यात मोठा सण. कामासाठी बाहेर गेलेली माणसं तेव्हा गावी परततात. ती धावत आली नाही. आईच्या मागे उभी राहिली, तोंड फिरवून. मी समजवायला गेले नाही, नुसती अंगणात बसून राहिले. दिवेलागणीला कुणीतरी पेला पुढे केला. ‘डा.’

निघताना या वेळी ‘पाऊस सरला की येईन’ असं सांगितलं. आईने ते तिला कोरकूत समजावलं. तिने आईला पुन्हा एकदा विचारून घेतलं.

पाऊस सरलाय, श्रोतेहो. शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट मी काढलंय.