कॅनेडियन काउंटीतले दोन भोवरे

(दृश्य: अमेरिकेतलं ओक्लाहोमा राज्य. सपाट शेतं, सरळसोट रस्ता, क्षितिजावर काळा ढग.)

युनियन सिटी आणि एल रेनो. कॅनेडियन काउंटीतली ही दोन गावं, मधलं अंतर जेमतेम सोळा किलोमीटर. २४ मे १९७३ रोजी युनियन सिटीवर टोर्नेडो आला. ३१ मे २०१३ रोजी एल रेनोजवळ आला. दोन्ही रडारनं टिपले. गंमत अशी, की टोर्नेडो जन्मतो कसा, याची दोन वेळची उत्तरं एकमेकांच्या उलट निघाली.

आधी एक खुलासा. आपल्याकडच्या बातम्यांत टोर्नेडोलाही सर्रास चक्रीवादळ म्हणतात. पण चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं आणि कित्येक दिवस टिकतं. टोर्नेडो बहुधा काहीशे मीटरच्या आत आटोपतो, तोही काही मिनिटांत. दिसायला तो चैत्रातल्या वावटळीचा थोरला भाऊ, पण नातं तेवढंच. वावटळ तापलेल्या मातीतून उठते, टोर्नेडोच्या डोक्यावर गडगडाटी ढग असावाच लागतो.

(दृश्य: रडारचा जुना, हिरवट पडदा.)

१९५३ मध्ये इलिनॉयमधल्या एका रडारवर पावसाच्या डागाला आकड्यासारखं शेपूट फुटलेलं दिसलं. टोर्नेडो त्याच शेपटात होता. पण आत वारा कसा फिरतोय, ते कळेना. त्यासाठी डॉप्लर रडार लागलं. फलाटावरून गाडी धडधडत निघून जाते तेव्हा तिच्या शिट्टीचा सूर एकदम उतरतो ना, तेच तत्त्व. थेंबांवरून परतलेल्या लहरींवरून थेंब रडारकडे येतायत की लांब पळतायत, ते समजतं. पडद्यावर येणारे हिरवे, जाणारे लाल. लाल आणि हिरवा अगदी खेटून दिसले, तर मध्ये भोवरा आहे.

१९७३ मध्ये ओक्लाहोमातल्याच नॉर्मन शहरातल्या प्रयोगशाळेचं डॉप्लर रडार युनियन सिटीपासून सुमारे ५० किलोमीटरवर होतं. नोंदी नंतर तपासल्या, तेव्हा ही लाल-हिरवी जोडी आधी ढगाच्या पोटात, उंचावर सापडली. मग ती खाली सरकत जमिनीपर्यंत आली. निष्कर्ष सरळ होता: भोवरा वरून खाली उतरतो. पाठ्यपुस्तकांत हेच गेलं. डोळ्यांनाही सोंड वरून लोंबतानाच दिसते, मग शंका कोण घेणार?

पण रडारचा झोत विजेरीसारखा लांब जाता जाता पसरतो. पन्नास किलोमीटरवर तो शेकडो मीटर रुंद होतो. शिवाय पृथ्वी गोल, त्यामुळे दूरच्या जमिनीलगतचं त्याच्या नजरेतून सुटतंच.

(दृश्य: ट्रकवर फिरणारी तबकडी.)

मग हवामानशास्त्रज्ञ जोशुआ वर्मन यांनी रडारच ट्रकवर चढवलं. १९९५ मध्ये टेक्सासातल्या डिमिटजवळ त्यांना टोर्नेडोच्या मधोमध पोकळी दिसली. गोफणीतून दगड सुटावा तसे थेंब आणि कचरा बाहेर फेकले जात होते, म्हणून मध्य रिता. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमातच, ब्रिज क्रीक-मूरच्या टोर्नेडोत, याच फिरत्या रडारनं ताशी सुमारे ४८४ किलोमीटर वेग मोजला.

आता २०१३. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या ट्रकवरच्या रडारची तबकडी दोन सेकंदांत एक गिरकी घेत होती. हवामान खात्याच्या मोठ्या रडारला साऱ्या उंचींवरून एक फेरी मारायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात टोर्नेडो जन्मून जातो. एल रेनोचा टोर्नेडो पसरत पसरत ४.२ किलोमीटर रुंद झाला. वारा ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास, पण वाटेत बहुतेक मोकळं रान. टोर्नेडोची श्रेणी नासधुशीवरून ठरते, म्हणून कागदावर, शून्य ते पाच या मोजपट्टीवर, तो तीनवरच राहिला. मला हे अजून पटत नाही.

हवामानशास्त्रज्ञ जेना हाउझर यांनी या नोंदी लोकांनी काढलेल्या फोटोंशी ताडून पाहिल्या. फिरकी आधी जमिनीलगत आली होती, वर नंतर. अशा वेगवान नोंदी असलेले आणखी टोर्नेडो त्यांनी तपासले. वरून खाली उतरलेला एकही निघाला नाही.

पण जमिनीलगतचे पहिले काही मीटर म्हणजे आपली घरं असतात ती उंची. झाडं, भिंती, चढउतार यांत रडारचा झोत तिथे अडखळतो. तिथलं मोजायला टोर्नेडोंचा पाठलाग करणारे संशोधक टिम समारास टोर्नेडोच्या वाटेवर कासवाच्या पाठीसारखी बुटकी यंत्रं ठेवून निसटायचे. २००३ मध्ये दक्षिण डकोटातल्या मँचेस्टरजवळ त्यांच्या यंत्रानं हवेचा दाब १०० मिलिबारनं कोसळल्याची नोंद केली.

(दृश्य: एल रेनोजवळचा कच्चा रस्ता. शांतता.)

३१ मे २०१३ ला समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग याच परिसरातल्या रस्त्यावर होते. पावसाच्या पडद्याआड टोर्नेडो धड दिसत नव्हता. रडारच्या नोंदींतून पुढे कळलं, की मोठ्या भोवऱ्याच्या आत एक लहान भोवरा फिरत होता. कधी सुसाट पुढे झेपावणारा, कधी जवळजवळ जागीच थबकणारा. तिघांची गाडी त्याच्याच वाटेत आली.