पावसाआधीचं पुरुमेंत आणि दुकानातला डेटा

नमस्कार मंडळी. माईक येतोय ना मागपर्यंत? बरं.

सुरुवातीलाच एक विचारतो. दुकानाच्या हिशेबाचा बॅकअप किती जणांकडे आहे, हात वर करा. अरे वा, अर्ध्यापेक्षा जास्त हॉल. आता त्यातल्या किती जणांनी तो बॅकअप कधी परत उघडून बघितलाय? एक... दोन... तो तिसरा हात डोकं खाजवायला वर गेलाय. मागून कोणीतरी म्हणालं, "आसा मरे, पेनड्राइव्हार आसा!" कोण ते, भाऊ तुम्ही? पेनड्राइव्ह आत्ता आहे जवळ? चावीच्या जुडग्यातच आहे! मग द्या ना इकडे. हा माझा जुना लॅपटॉप, नेटला जोडलेला नाही, हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर टाकलेलं आहे, आपण तुमचा बॅकअप यात रिस्टोअर करू, म्हणजे त्यातला डेटा परत उतरवून बघू. स्क्रीन प्रोजेक्टरला लावत नाही, तुमची उधारी अख्ख्या डिचोलीला कशाला दाखवायची. आणि एक बघून ठेवा, मी रिस्टोअर वेगळ्या, नव्या फोल्डरमध्ये करतोय. आपल्या रोजच्या कॉम्प्युटरवर त्याच जुन्या फोल्डरवर रिस्टोअर मारलं तर आजचा डेटा पुसून त्यावर जुना बसतो, आणि हे लोकांनी केलेलं आहे, चांगल्या शिकलेल्या लोकांनी. चला, ते चालू राहू दे, तोवर आपण बोलू.

आता मे संपत आलाय, घरोघरी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याचा साठा, भरणं चाललंय. सुकं मासळी, मिरची, सोलं, कांद्याच्या माळी. माझी आई सोलांची एक भरणी स्वयंपाकघरात ठेवायची आणि दुसरी आतल्या खोलीत, आणि पावसाच्या मध्यात एकदा तरी झाकण काढून वास घ्यायची, बुरशी आली का ते बघायला. आपण डेटाच्या बाबतीत भरणी भरतो, झाकण लावतो आणि थेट गरज पडली की उघडतो, तेव्हा आत काय असतं ते तुम्हीच विचार करा.

बरेच जण म्हणतात, आमचं सगळं गूगल ड्राइव्हवर आहे, क्लाउडवर म्हणजे नेटवरच्या जागेत आहे, आम्हाला काय काळजी. त्यांच्यासाठी हा दुसरा लॅपटॉप, हा नेटवर आहे. ही गेल्या सीझनच्या काजूच्या दराची एक्सेल फाइल. पहिल्या रांगेतल्या बाय, माझा मोबाईल धरा जरा, त्यात तीच फाइल दिसतेय ना? मी इथे लॅपटॉपवर डिलीट करतो. आता मोबाईलवर खाली ओढून रिफ्रेश करा. गेली? गेली! म्हणजे क्लाउडने काय केलं, मी जे केलं तेच इमानदारीने दुसरीकडेही केलं. याला सिंक म्हणतात, हा बॅकअप नव्हे, आणि आज एवढी एक गोष्ट घरी घेऊन गेलात तरी माझं येणं फुकट गेलं नाही. फाइल ट्रॅशमध्ये असते, गूगल ड्राइव्हला ३० दिवस, मग तीही आपोआप जाते. आता काजूची फाइल जुलैत चुकून उडाली तर तुम्हाला कळणार कधी? पुढच्या मार्चमध्ये, बिया यायला लागल्यावर. तोवर ३० दिवस आठ वेळा होऊन गेलेले असतात.

बरं, चुकून डिलीट होणं हे तसं गरीब संकट. आता माझी स्वतःची चूक सांगतो, मी काही इथे उंच पाटावर बसून बोलत नाही. म्हापशाच्या एका हार्डवेअर दुकानाचं कॉम्प्युटरचं काम मी बघायचो. त्यांच्या अकाउंटंटला रात्री घरून टॅलीत काम करायचं होतं, म्हणून मी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट उघडून दिला, म्हणजे बाहेरून नेटवरून दुकानाच्या कॉम्प्युटरात शिरायचं दार, तो ३३८९ वाला, पाच मिनिटांचं काम. पासवर्ड दुकानाचं नाव आणि पुढे १२३. बॅकअपसाठी एक एक्स्टर्नल हार्डडिस्क लावली, रोज रात्री आपोआप कॉपी व्हायची, आणि ती मी चोवीस तास जोडलेलीच ठेवली, म्हटलं कोण रोज काढणार-घालणार. एका शनिवारी सकाळी मालकांचा फोन, फाइली उघडत नाहीत. जाऊन बघतो तर प्रत्येक फाइलच्या नावाला मागे कसलीतरी विचित्र शेपटी लागलेली, आणि प्रत्येक फोल्डरात एक चिठ्ठी, पैसे पाठवा म्हणून. हार्डडिस्क उघडली, तिथेही तेच! जोडलेलीच होती ना, ज्या चोराला घर उघडं मिळालं त्याला तिजोरीचीही चावी दाराला लटकलेली मिळाली. मालक मला एक शब्द बोलले नाहीत, नुसता चहा मागवला, तो चहा मला अजून गिळवत नाही. शेवटी वाचवलं ते त्यांच्या सीएने, म्हणजे ऑडिटसाठी मार्चअखेरचा डेटा सीएच्या ऑफिसात गेलेला होता, तो परत आणला आणि पुढच्या अडीच महिन्यांची बिलं दोन मुलं बसवून पुन्हा टाइप केली.

आता गंमत बघा, ती सीएकडची कॉपी बॅकअप म्हणून कोणी ठेवलीच नव्हती, पण ती दुसऱ्या जागी होती आणि दुकानाच्या कॉम्प्युटरला जोडलेली नव्हती, एवढ्याचसाठी वाचली. कॉम्प्युटरवाले याला तीन-दोन-एक म्हणतात, म्हणजे डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक तरी वेगळ्या जागी. वेगळी जागा म्हणजे वरच्या फळीवर नव्हे हो. साखळीच्या बाजारात वाळवंटी नदीचं पाणी शिरतं तेव्हा ते फळी बघून थांबत नाही, आणि २०२१च्या जुलैत सत्तरी-डिचोलीत काय झालं ते तुम्ही मला सांगायला हवं, मी तुम्हाला नको. वेगळी जागा म्हणजे दुसरं गाव, किंवा मग क्लाउड, पण असा क्लाउड की जो जुन्या व्हर्जन सांभाळून ठेवतो, आणि ज्याचा पासवर्ड दुकानाच्या कॉम्प्युटरवर सेव्ह केलेला नाही.

क्लाउड म्हणजे तरी काय, मुंबईत, हैदराबादेत मोठमोठ्या इमारतींत ठेवलेल्या डिस्कच. त्याही जळतात. १० मार्च २०२१ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच नावाच्या मोठ्या कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळून गेलं, आणि काही गिऱ्हाइकांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यामुळे मूळ गेलं आणि नक्कलही गेली. म्हणून क्लाउड घेताना विचारायचं, बॅकअप कुठल्या शहरात ठेवणार?

आणि... लाईट गेली. असू द्या, इन्व्हर्टर आहे, लॅपटॉपला बॅटरी आहे, भाऊंचं रिस्टोअर थांबलेलं नाही. माझा आवाज पोचतोय ना माईकशिवाय?

तर सगळ्यात मोठा घोळ मला गोव्यात दिसतो तो हा. दुकानाचं गूगल अकाउंट कोणाच्या नावाने असतं? पुतण्याच्या. त्याला कॉम्प्युटर कळतो ना, त्याने बारावीत असताना करून दिलं. मग पुतण्या पोर्तुगीज पासपोर्ट करून युरोपात जातो. इकडचा सिम रिचार्जविना बंद पडतो, काही महिन्यांनी तो नंबर कंपनी दुसऱ्याच माणसाला देते. एक दिवस दुकानातला कॉम्प्युटर फॉरमॅट होतो, लॉगिन करायला जावं तर गूगल म्हणतं, तुमच्या नंबरवर ओटीपी पाठवलाय. कुठला नंबर! तो आता वास्कोच्या कुठल्यातरी अनोळखी माणसाकडे आहे. तिकडे पुतण्या रात्रपाळी करून झोपलेला, त्याला पासवर्डही आठवत नाही. म्हणून सांगतो, अकाउंट दुकानाच्या नावाने करा, रिकव्हरीचा नंबर मालकाचा द्या, टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, चालू करा, आणि फोन नसतानाही लॉगिन करता यावं म्हणून जे बॅकअप कोड मिळतात ते कागदावर छापून दुकानाच्या लायसन्सच्या फाइलीत लावा. हो, कागदावर. कागदाला व्हायरस लागत नाही, वाळवी लागते, पण ती आपल्या ओळखीची आहे.

फुकटच्या १५ जीबीचंही थोडं सांगतो. ते ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो मिळून १५ आहेत. मुलाच्या लग्नाचे व्हिडिओ त्यात गेले की जागा भरते, आणि मग नुसत्या फाइली चढायच्या थांबत नाहीत, मेल यायचंही थांबतं. गिऱ्हाइकाची ऑर्डर परत जाते आणि तुम्हाला पत्ताच नाही. दोन वर्षं अकाउंटला हातच लावला नाही तर गूगल ते पुसूनही टाकू शकतं. जास्तीच्या जागेला महिन्याला जे पैसे पडतात त्यात दोघांचा भाजी-पाव आणि चहासुद्धा जेमतेम होतो, तिथे काटकसर नको. फोटोग्राफर मंडळींचं मात्र वेगळं आहे, त्यांचा डेटा शेकडो जीबी. २० एमबीपीएसच्या अपलोडने ५०० जीबी चढवायला पंचावन्न तास लागतात, तेही लाईट आणि नेट एकदाही गेलं नाही तर, म्हणजे गोव्याच्या पावसात विसरा. त्यांनी दोन हार्डडिस्क आळीपाळीने वापराव्यात, एक कायम घरी, आणि फक्त निवडलेले फोटो क्लाउडवर.

इथे गेस्ट हाउसवाले आहेत का? आहेत. मग तुमच्याशी जरा भांडायचंय. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म भरायचा, पूर्वी ज्याला फॉर्म सी म्हणायचे तो, त्यासाठी पासपोर्टचा फोटो काढता. कशावर काढता? रिसेप्शनवरच्या मुलाच्या स्वतःच्या मोबाईलवर. मग तो व्हॉट्सॲपवर मालकाला, मालक ग्रुपवर. सीझन संपला, मुलगा गावी गेला, त्याच्या खिशात चारशे माणसांचे पासपोर्ट आणि आधार! काम झालं की फोटो काढून टाका, फोन हॉटेलचा वापरा, आणि देशी पाहुण्याकडून शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालत असेल तर तेच घ्या. २०२३चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, त्याचे नियम २०२५च्या नोव्हेंबरात आलेत, टप्प्याटप्प्याने लागू होतायत, आणि पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. तुमच्या सहा खोल्यांच्या गेस्ट हाउसला कोणी २५० कोटी लावणार नाही, पण "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालायचे दिवस गेले. आणि दुकानदारांनो, जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायचे असतात, म्हणजे कॉम्प्युटर बदलला, जुना भंगारात दिला, हे कारण तिथे ऐकत नाहीत.

हां, भाऊ, तुमचं झालं बघा. या इकडे, तुम्हीच बघा, मी नाही बघत. कंपनीचं नाव आलं? आलं. म्हणजे फाइल धड आहे, चांगली गोष्ट आहे, अर्ध्या लोकांची इथेच अडकते. आता डे बुक, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, उघडा. शेवटचं व्हाउचर कुठल्या तारखेचं आहे? नाही, नीट बघा... चतुर्थीच्या आदल्या आठवड्याचं? आणि पेनड्राइव्हवर फाइल कालची आहे, रोज बॅकअप होतोय. चतुर्थीनंतर टॅली नव्याने कोणी टाकून दिलं होतं का? डी ड्राइव्हवर टाकलं? तेच ते. तुम्ही काम करताय डी वर, आणि बॅकअप अजून सी वरच्या जुन्या फोल्डरचाच होतोय, नऊ महिने, रोज रात्री, न चुकता.

घाबरू नका, दुकानातला डेटा जागेवर आहे ना? मग आधी पोराला फोन लावा, म्हणावं आज कॉम्प्युटर बंद करायच्या आधी टॅलीत ऑल्ट-वाय दाब आणि बॅकअप घे, सोर्स डी ड्राइव्ह. लावा लावा, आम्ही थांबतो, तोवर चहा येतोच आहे.